विविध कलाकारांचं टेक्नो कंपाइलेशन: डिजिटल १२ ट्रॅक, दोन विनाइल तबकड्यांवर ८. मास्टरिंग, कटिंग आणि करार

तळमजला

आमचं छोटं स्वतंत्र लेबल आहे. आतापर्यंत एकेका कलाकाराचे ईपी काढले, तेही फक्त डिजिटल. आता पहिलं कंपाइलेशन जुळवतोय: १२ कलाकार, १२ ट्रॅक, एकूण ७४ मिनिटं, टेम्पो १२४ ते १४८ बीपीएम (मिनिटाला ठोके). यातले ८ ट्रॅक दोन १२ इंची तबकड्यांवर घ्यायचे आहेत, ३०० प्रती. उरलेले ४ फक्त डिजिटल.

फाइली आल्या त्या अशा. ५ ट्रॅक आधीच मास्टर झालेले (म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवून अंतिम पातळी दिलेले) आणि पार चेपलेले (लाटांची टोकं दाबून मोठे केलेले). ६ प्रीमास्टर (मास्टरिंगआधीचे मिक्स), त्यांतला एक ४८ किलोहर्ट्झचा, बाकीचे ४४.१. आणि एक ९ मिनिटांचा, जवळजवळ बिनकिकचा ड्रोन. एकापाठोपाठ लावले की कुठे किक (बास ड्रमचा ठोका) छातीवर येते, तर कुठे ती हॅटच्या (झांजेच्या) मागे लपते. लाउडनेस मीटरवर सगळे सारख्या आकड्याला आणून पाहिले, पण कानाला अजूनही सारखे वाटत नाहीत.

तबकडीच्या ८ ट्रॅकची बेरीज साधारण ५० मिनिटं होते. ४५ आरपीएमवर (मिनिटाला ४५ फेरे) बसतील का? कोणता ट्रॅक कुठल्या बाजूला घ्यावा? टेस्ट प्रेसिंग (कारखान्याच्या चाचणी प्रती) आल्यावर नेमकं काय ऐकायचं? करारात पैशांची वाटणी कशी लिहायची, कोड आणि माहिती भरताना कुठे चुकतं, हेही जाणकारांनी सांगावं. सगळे कलाकार ओळखीचे आहेत, पण तोंडी बोलण्यावर काम चालवायचं नाही.

सपाटपट्टी

मास्टरिंगपुरतं लिहितो, तबकडीचं दुसरं कोणी लिहीलच.

पहिली गोष्ट म्हणजे त्या ५ कलाकारांकडून प्रीमास्टर मागवा. चेपलेल्या फाइलींवर काम सुरूच करू नका. नेमकं काय हवं ते लेखी कळवा: २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट वेव्ह, ज्या सॅम्पल रेटला सेशन आहे त्याच सॅम्पल रेटला, मास्टर बसवरचा (पूर्ण मिक्स जिथून बाहेर पडतो तिथला) लिमिटर आणि क्लिपर, म्हणजे टोकं दाबणारी आणि कापणारी साधनं, काढून. बसवरचा कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजांतला फरक कमी करणारा) आवाजाचा भाग असेल तर तो राहू द्या, मात्र त्याच्यासह एक आणि त्याच्याविना एक अशा दोन फाइली मागा. सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता ठेवायला सांगा आणि शेवटी रिव्हर्ब-डिलेचं शेपूट पूर्ण विरेपर्यंत एक्सपोर्ट चालू द्यायला सांगा. कलाकार शेपूट कापून पाठवतात, आणि ते नंतर जोडता येत नाही. पीक (सर्वांत उंच टोक) उणे ६ डीबीला असावा की उणे ३ ला, यावर उगाच वाद होतो. २४ बिटमध्ये ६ डीबी खाली म्हणजे एक बिट कमी, त्याने कानाला काहीही कळत नाही. फाइल क्लिप झालेली (टोकं कापली गेलेली) नसली की पुरे.

आलेली प्रत्येक फाइल स्पेक्ट्रोग्राममध्ये (वारंवारता दाखवणाऱ्या चित्रात) उघडा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसली तर ती १२८ केबीपीएसची एमपी३ कधीतरी वेव्ह करून पाठवलेली असण्याची दाट शक्यता आहे. ३२० ला ती रेघ २० च्या जवळ असते. पण जुन्या सॅम्पलरमधून किंवा टेपवरून आलेल्या ट्रॅकमध्येही वरच्या वारंवारता नसतात. तिथे उतार दिसतो, कडा दिसत नाही. कडा दिसली तरच कलाकाराला विचारा.

आता तुमच्या मीटरचं. लाउडनेसचा एकूण आकडा पूर्ण ट्रॅकची सरासरी काढतो. त्यात उणे ७० एलयूएफएसच्या (हे लाउडनेसचं एकक, फरक मोजताना एलयू) खालचं वगळलं जातं, आणि मग सरासरीपेक्षा १० एलयूने खाली असलेलंही वगळलं जातं. टेक्नोतलं दोन मिनिटांचं ब्रेकडाउन (किक थांबलेला मोकळा भाग) सहसा इतकं खाली जातच नाही, त्यामुळे ते सरासरीत मोजलं जातं आणि आकडा ओढून खाली आणतं. मग लांब ब्रेकडाउनचा ट्रॅक आणि सलग ठोकणारा ट्रॅक सारख्या आकड्याला आणले की पहिल्याची किक दुसऱ्यापेक्षा मोठी निघते. म्हणून ३ सेकंदांच्या खिडकीचा कमाल आकडा पाहा. प्रत्येक ट्रॅकचा सर्वांत भरलेला ३० सेकंदांचा तुकडा कापून सगळे एका रांगेत लावा आणि किकची पातळी कानाने जुळवा. किक आणि बेस जुळले की कानाला एक कुटुंब वाटतं, वरचं कितीही वेगळं असलं तरी चालतं.

सगळे ट्रॅक एकाच माणसाने, एकाच खोलीत, सलग मास्टर करावेत. सुरुवात अशा ट्रॅकपासून करा ज्यात बदल करायला सर्वांत कमी वाव आहे. म्हणजे ज्याचा प्रीमास्टर मिळालाच नाही तो. त्याला पुन्हा लिमिटर लावायचा नाही. फक्त पातळी खाली आणायची, गरज असेल तर अर्धा-एक डीबीचा ईक्यू (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणं), आणि बाकीचे त्याच्या शेजारी शोभतील असे बांधायचे. डीक्लिपरने (कापलेल्या लाटा सावरणाऱ्या साधनाने) टोकं गोल होतात, पण गेलेला ठोका परत येत नाही.

क्लबसाठीचं टेक्नो साधारण उणे ९ ते उणे ७ एलयूएफएसला असतं. मी उणे ९ ची बाजू घेईन. स्पॉटिफाय मुळात उणे १४ ला आणून वाजवतं, आणि क्लबमध्ये डीजेच्या हाताशी गेनचं बटण असतंच. आणखी २ डीबी पिळून काढलेत तर फक्त किकचा टोकदारपणा जाईल. उणे १४ पेक्षा मोठा मास्टर असेल तर ट्रू पीक (लाटेचं खरं कमाल टोक) उणे २ च्या खाली ठेवा असं स्पॉटिफायच सांगतं, कारण लॉसी एन्कोडिंगमध्ये (फाइल लहान करताना माहिती गाळली जाते तेव्हा) टोकं मूळ फाइलपेक्षा वर उडतात.

तो ९ मिनिटांचा ड्रोन बाकीच्यांच्या पातळीला ओढू नका. अल्बम सलग वाजवला की स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकना एकच गेन लावतं, म्हणजे तुम्ही ठेवलेला चढउतार टिकतो.

४८ किलोहर्ट्झचा ट्रॅक ४८ लाच मास्टर करा. सॅम्पल रेट बदलणं एकदाच, अगदी शेवटी, आणि १६ बिटची प्रत काढायची असेल तर त्याच्याही नंतर डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक गोंगाट). आणि तबकडीसाठी वेगळे मास्टर मागा: तोच ईक्यू, पण लिमिटर जवळजवळ नाही.

लेथवाला

वरच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे. चेपलेला डिजिटल मास्टर तबकडीवर जास्त मोठा वाजत नाही. खोबण किती रुंद झुलते आणि एका बाजूला किती मिनिटं बसवायची आहेत, यावर तबकडीची पातळी ठरते. लिमिटरने सपाट केलेल्या लाटा कटरला (खोबण कोरणाऱ्या यंत्राला) फक्त तापवतात.

५० मिनिटं चार बाजूंवर म्हणजे बाजूला साडेबारा मिनिटं. ४५ आरपीएमवर जोरदार क्लब पातळी हवी असेल तर ९-१० मिनिटं ही सोयीची मर्यादा. १२ ला कटिंग होईल, पण पातळी उतरवून. तेव्हा तुमच्यासाठी ३३⅓. साडेबारा मिनिटांना ३३ वर भरपूर पातळी मिळते. ४५ चाच हट्ट असेल तर ट्रॅक ६ करा किंवा तबकड्या तीन करा. मधला मार्ग काढू नका.

बाजूवरचा क्रम महत्त्वाचा, आणि त्याचं कारण साधं भूमितीचं आहे. १२ इंची तबकडीची सुरुवातीची खोबण मध्यापासून सुमारे १४६ मिलिमीटरवर असते, सर्वांत आतली ६० च्या आसपास. ३३⅓ वर बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आत फक्त २१. तोच हॅट आत अडीचपट कमी लांबीत कोरावा लागतो, आणि सुईचं टोक त्या वळणात मावत नाही. म्हणून चुरचुरीत हॅट, ९०९ ड्रम मशीनचा ओपन हॅट, ॲसिडची किंचाळणारी सिंथ लाइन, टाळ्या हे सगळं असलेला ट्रॅक प्रत्येक बाजूला पहिला. दुसरा ट्रॅक काळसर, खोल, वरच्या वारंवारता कमी असलेला. कंपाइलेशनमध्ये यावरून रुसवे होतात, कारण प्रत्येकाला ए१ हवा असतो. कारण आधीच समजावून सांगा.

वरच्या टोकाबद्दल आणखी. कापताना आरआयएए वक्राने (तबकड्यांसाठीच्या ठरलेल्या ईक्यूने) २० हर्ट्झला सुमारे २० डीबी कपात आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढीच वाढ दिली जाते. वाजवताना फोनो प्रीअँप ते उलटं करतो. परिणाम असा की मिक्समध्ये थोडासाच टोचणारा हॅट कटर हेडपर्यंत पोचेस्तोवर राक्षस झालेला असतो. हेडची वेटोळी तापतात, संरक्षण यंत्रणा मध्ये पडते किंवा कटिंग करणारा स्वतःच पूर्ण बाजूची पातळी खाली आणतो. म्हणजे एका हॅटमुळे शेजारचा ट्रॅकही लहान होतो. ६ ते १२ किलोहर्ट्झमध्ये डीएसर (टोचणारे आवाज दाबणारं साधन) लावा, १० च्या वरचं सगळं शेल्फ ईक्यूने १-२ डीबी कमी करा. शक्य असेल तर हे कलाकाराकडूनच मिक्समध्ये करून घ्या, कारण तिथे फक्त हॅट खाली येतो, सगळं नाही.

बेस. स्टिरिओ खोबणीत दोन्ही चॅनेलमधलं सारखं ते आडवं कोरलं जातं, फरक असतो तो उभा, खोलीत. खालच्या वारंवारतेत फेज उलटी असली (एका चॅनेलची लाट वर आणि दुसऱ्याची खाली) की कटर वर उचलला जातो, खोबण उथळ होते किंवा गायबच होते, आणि वाजवताना सुई उडते. म्हणून १२०-१५० हर्ट्झच्या खाली मोनो. पण हे डोळे मिटून करू नका. आधी ट्रॅक पूर्ण मोनोमध्ये ऐका. रुंद केलेला सब बेस मोनोमध्ये विरून जात असेल तर एलिप्टिकल फिल्टर (कटिंगच्या वेळी बेस मोनो करणारा) लावल्यावर तो तबकडीवरूनही जाणार. असा ट्रॅक कलाकाराकडे परत पाठवा. मास्टरिंगमध्ये ते सुटत नाही.

ड्रोनचा ट्रॅक तबकडीवर घेणार असाल तर तो दुसऱ्या जागेला चांगला शोभेल, वरचं कमी असल्याने आतल्या खोबणीत बिघडत नाही. मात्र ९ मिनिटं आहेत. त्याच्या आधीचा ट्रॅक ५ चा घ्या, नाहीतर ती बाजू १५ च्या पुढे जाऊन इतर तिघींपेक्षा लहान वाजेल. चारही बाजू शक्यतो एकमेकींच्या दोनेक मिनिटांच्या आत असाव्यात. पातळी जुळते.

एक गोष्ट टेक्नोत फार ऐकू येते. पूर्ण शांततेनंतर किक आदळते तिथे शेजारच्या खोबणीत तिचा दाब उमटतो आणि तिचं भूत १.८ सेकंद आधी ऐकू येतं, कारण ३३⅓ वर एक फेरा तेवढ्याच वेळात होतो. ४५ वर ते १.३३ सेकंद. अशा जागांच्या वेळा कटिंग करणाऱ्याला लिहून द्या, तो तिथे खोबणींमधलं अंतर वाढवतो.

फाइली देताना प्रत्येक बाजूची एकच वेव्ह, २४ बिट, दोन ट्रॅकच्या मधली शांतता आतच धरून. सोबत क्यू शीट: ए१ सुरुवात, ए२ सुरुवात, एकूण लांबी. दोन ट्रॅकच्या मध्ये २ सेकंद ठेवा आणि मधली रुंद रेघ हवी असं स्पष्ट लिहा, डीजे ती पाहूनच सुई ठेवतो. आत रनआउटमध्ये (शेवटच्या खोबणीनंतरच्या रिकाम्या पट्ट्यात) कोरायचा मजकूर आणि कॅटलॉग क्रमांक याच कागदावर.

लॅकर (मऊ लेपाची चकती) की डीएमएम? डीएमएममध्ये थेट तांब्यावर कापतात. त्यात ते भूत कमी, वरचं टोक स्वच्छ, लांब बाजू सोयीची. मोठ्या बेसच्या छोट्या बाजूसाठी मी लॅकरच सांगेन. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला तेव्हापासून लॅकरचा पुरवठा मुख्यतः जपानच्या एमडीसीवर आहे, त्यामुळे तारीख आधीच राखून ठेवा. लॅकर कापल्यावर लवकरात लवकर प्लेटिंग (त्यावर धातूचा थर चढवून साचा काढणं) व्हायला हवं, तो मऊ असतो आणि पडून राहिला की वरचं टोक बोथट होतं.

प्लेटिंगमध्ये मदर (पहिल्या धातूच्या साच्यावरून, म्हणजे फादरवरून, काढलेली प्रत, जिच्यावरून नवे स्टँपर बनतात) बनवणार का, हे विचाराच. एका स्टँपरमधून (विनाइल दाबायच्या साच्यातून) साधारण हजार प्रती निघतात, ३०० ला एकच पुरतो. म्हणून काही जण स्वस्तात फादरच स्टँपर म्हणून वापरतात. मग दुसरी आवृत्ती काढायची झाली की पुन्हा कटिंगपासून सुरुवात. १८० ग्रॅमच्या जाड तबकडीवर पैसे घालू नका. १४० ग्रॅमची नीट दाबलेली तबकडी तेवढीच चांगली वाजते.

टेस्ट प्रेसिंग बहुतेक ५ येतात. सगळ्या बाजू अथपासून इतिपर्यंत, एकदा चांगल्या हायफाय काडतुसावर (सुई बसवलेल्या कार्ट्रिजवर) आणि एकदा डीजेच्या काडतुसावर. आधी काडतुसाची मांडणी तपासा, नाहीतर आतल्या ट्रॅकचा चरचराट उगाच कारखान्यावर ढकलाल. मग प्रत्येक खटक्याची बाजू आणि वेळ लिहा. तोच आवाज पाचही प्रतींत त्याच जागी असेल तर दोष कटिंगचा किंवा प्लेटिंगचा, आणि तो सगळ्या ३०० मध्ये येणार. नामंजूर करा. एकाच प्रतीत असेल तर प्रेसिंगचा तात्पुरता दोष. दर १.८ सेकंदांनी स्वर हेलकावत असेल तर छिद्र मध्यावर नाही, लांब पॅड आणि ड्रोनमध्ये हे पटकन कळतं. कापड फाटल्यासारखा आवाज म्हणजे साच्यात विनाइल पूर्ण भरलं नाही. दोन कानांनी पुरेसं होत नाही, कमीत कमी दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी ऐका. कलाकारांना संगणकावर उतरवलेली फाइल पाठवून मंजुरी घेऊ नका, त्यांना तुमचं टर्नटेबल ऐकू येतं, तबकडी नाही.

करारनामा

कटिंगबद्दल पूर्ण सहमत. मी कागदांकडे वळतो.

एका ट्रॅकमध्ये दोन हक्क असतात, ध्वनिमुद्रणाचा आणि रचनेचा. तुम्हाला ध्वनिमुद्रणाचा परवाना घ्यायचा आहे, मालकी नाही. कंपाइलेशनसाठी मालकी मागणं मला अन्यायाचं वाटतं आणि चांगले कलाकार त्यामुळेच निघून जातात. प्रत्येकाशी वेगळा, दोन पानांचा करार पुरतो. त्यात लिहा: कोणता ट्रॅक आणि कोणती आवृत्ती, मिनिटं-सेकंदांसह. क्षेत्र जगभर. मुदत ५ वर्षं. एकाधिकार पहिले १२ महिने, नंतर कलाकार तोच ट्रॅक स्वतःच्या अल्बमवर घेऊ शकतो. मुदत संपल्यावर उरलेल्या तबकड्या विकायला ६ महिने. तबकडीसाठी एडिट करण्याची परवानगी, कलाकाराने ऐकून मंजूर करण्याच्या अटीवर. कंटिन्युअस मिक्स (सगळे ट्रॅक सलग जोडलेला) काढायचा असेल तर त्याचा उल्लेख आत्ताच, नंतर १२ जणांच्या सह्या पुन्हा गोळा कराव्या लागतात.

वाटणीचा प्रचलित मार्ग: खर्च वजा जाता नफ्याचे अर्धे लेबलला, अर्धे कलाकारांना, आणि कलाकारांचा वाटा ट्रॅकच्या संख्येने भागून. तुमच्याकडे मात्र एक मेख आहे. ४ ट्रॅक फक्त डिजिटल आहेत. एकच खातं ठेवलंत तर त्या ४ जणांची डिजिटल कमाई प्रेसिंगचा खर्च फेडण्यात जाईल, ज्या तबकडीवर ते नाहीतच. दोन खाती ठेवा. तबकडीच्या खात्यात कटिंग, प्लेटिंग, प्रेसिंग, कव्हर, वाहतूक आणि तबकडीच्या मास्टरचा खर्च. समजा खर्च १०० आणि आवक १६०, नफा ६०, कलाकारांचे ३०, प्रत्येकाला ३०/८ म्हणजे ३.७५. डिजिटल खात्यात सुटा ट्रॅक विकला गेला किंवा स्ट्रीम झाला तर तो पैसा त्याच ट्रॅकचा, पूर्ण अल्बम विकला गेला तर १२ समान भाग. मास्टरिंगचा सामाईक खर्च कोणत्या खात्यात कसा विभागायचा तेही लिहून टाका. हिशेब दर ६ महिन्यांनी.

प्रतींची संख्या ‘३०० उणे-अधिक १० टक्के’ अशी लिहा. कारखाने एवढा फरक ठेवतात आणि बिलही त्याप्रमाणेच येतं. कलाकारांच्या फुकट प्रती, प्रोमोच्या प्रती, टपालात मोडलेल्या प्रती यांचा आकडा हिशेबात वेगळा दाखवा. भांडणं बहुधा याच आकड्यांवरून होतात, विक्रीवरून नाही.

सॅम्पल. ‘सर्व हक्क माझे आहेत’ अशी ओळ करारात असतेच, ती पुरेशी नाही. ट्रॅकमध्ये काय काय बाहेरून आलं आहे त्याची यादी मागा: सिनेमातले संवाद, भाषणं, जुन्या रेकॉर्डचे तुकडे, सॅम्पल पॅकमधली लूप. सॅम्पल पॅकची लूप वापरणं परवान्याने चालतं, पण तीच लूप हजारो जणांकडे असते. अशा ट्रॅकसाठी यूट्यूबचं कंटेंट आयडी (व्हिडिओत तुमचा आवाज आपोआप ओळखणारी यंत्रणा) बंद ठेवा, नाहीतर तुमचा ट्रॅक दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर खोटे दावे ठोकेल आणि वितरक (ट्रॅक ऑनलाइन दुकानांत पोचवणारी कंपनी) तुमचं खातंच थांबवेल. वितरकाच्या फॉर्ममध्ये तो चौकोन कधीकधी आधीच भरलेला असतो.

रचनेच्या हक्काबद्दल: कलाकार एखाद्या हक्क संस्थेचा सदस्य असेल, जसं जर्मनीत गेमा, ब्रिटनमध्ये एमसीपीएस, तर अनेकदा त्याच्या तोंडी संमतीने काम होत नाही, कारण यांत्रिक हक्क (रचनेच्या प्रती काढण्याचे) त्याने संस्थेकडे सोपवलेले असतात. युरोपातले कारखाने प्रेसिंगच्या आधी हा परवाना किंवा घोषणापत्र मागतात. १२ जणांना सदस्यत्व आधीच विचारा, नाहीतर स्टँपर तयार आणि काम कागदासाठी अडलेलं.

कोड. प्रत्येक मुद्रणाला एक आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख कोड), १२ चिन्हांचा: देशाची २ अक्षरं, नोंदणीदाराची ३ चिन्हं, वर्षाचे २ अंक, क्रमाचे ५. ट्रॅक आधी कुठे प्रसिद्ध झाला असेल तर जुनाच कोड वापरायचा, नवा दिलात तर त्याचे स्ट्रीम दोन ठिकाणी फुटतात. तबकडीसाठी छोटा केलेला एडिट हे वेगळं मुद्रण, त्याला वेगळा कोड. बारकोड डिजिटल आवृत्तीला एक, तबकडीला दुसरा.

अल्बमच्या कलाकाराच्या जागी ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’, लेबलचं नाव नाही. ट्रॅकच्या कलाकारात ज्याचं त्याचं नाव, त्याच्या आधीच्या प्रकाशनांत आहे त्याच स्पेलिंगने. सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक इथलीच: सारख्या नावाच्या परक्या कलाकाराच्या पानावर ट्रॅक जाऊन बसतो. प्रत्येकाकडून स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिकच्या पानाचा दुवा मागवा आणि फॉर्ममध्ये तोच भरा. रचनाकाराच्या रकान्यात खरं नाव लागतं, टोपणनाव नाही. पी-रेषेत (℗ खुणेपुढची ध्वनिमुद्रणाच्या हक्काची ओळ) हक्क कलाकाराचा आणि लेबलला परवाना, असं. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी, त्यावर बारकोड किंवा वेबपत्ता नको, दुकानं परत पाठवतात. सगळं वितरकाकडे किमान ४ आठवडे आधी. बँडकँपवर (संगीत थेट विकण्याच्या संकेतस्थळावर) प्रत्येक ट्रॅकचा कलाकार वेगळा भरा. त्यांचं कमिशन डिजिटलवर १५ टक्के, तबकडीवर १०, पेमेंटचं शुल्क त्याशिवाय. हिशेबात दोन्ही पकडा.

आणि टेस्ट प्रेसिंग मंजूर होईपर्यंत तबकडीची तारीख जाहीर करू नका.

तळमजला

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन खात्यांचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता. प्रीमास्टरची मागणी पाठवली आहे आणि तबकडी ३३ वरच घेतो.

एक राहिलं. डिजिटलचा क्रम. टेम्पो चढत्या क्रमाने लावावा असं एका कलाकाराचं म्हणणं आहे, दुसऱ्याला ट्रॅक एकमेकांत मिसळलेले हवेत, अखंड ऐकता येईल असे.

उत्तररात्र

मिसळू नका. हे ट्रॅक विकत घेणारे बरेचसे डीजे असतील, त्यांना सुरुवातीचे आणि शेवटचे १६ किंवा ३२ बार (चार मात्रांचा एक बार) स्वच्छ हवेत. मिसळलेला ट्रॅक त्यांच्या काहीच कामाचा नाही. शिवाय सलग जोडलेले ट्रॅक एमपी३ मध्ये गेले की एन्कोडर दोन्ही टोकांना थोडी शांतता भरतो आणि नेमक्या जोडावर खटका ऐकू येतो. अखंड ऐकायला हवं तर १३ वा ट्रॅक म्हणून संपूर्ण मिक्स द्या, त्याला स्वतःचा आयएसआरसी, आणि वर करारनामा यांनी सांगितलेली परवानगी घेऊनच.

टेम्पोच्या चढत्या क्रमाने ७४ मिनिटं एकच जिना होतो. चौथ्या ट्रॅकपर्यंत ऐकणाऱ्याला पुढचं कळलेलं असतं, आणि शेवटचे तीन १४५ च्या पुढचे ट्रॅक एकमेकांना मारतात. टेम्पोपेक्षा घनता पाहा: एका बारमध्ये सोळाव्या मात्रांपैकी किती जागा भरल्या आहेत. १३० वरचा ठासून भरलेला ट्रॅक १४० वरच्या मोकळ्या, खोल ट्रॅकपेक्षा वेगवान वाटतो. दोन दाट ट्रॅकनंतर एक विरळ. १२४ वरून १४८ वर थेट उडी घ्यायची असेल तर मध्ये तो ड्रोन ठेवा. किक नसली की कानातला आधीचा टेम्पो पुसला जातो आणि पुढचा ठोका उडीसारखा वाटत नाही, सुरुवातीसारखा वाटतो. तो ड्रोन शेवटी ठेवायची सवय सगळ्यांना असते. मी सातव्या किंवा आठव्या जागी ठेवेन.

बेसचा मूळ स्वर प्रत्येक ट्रॅकचा काढून ठेवा. शेजारच्या दोन ट्रॅकमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर असेल, एफ आणि एफ शार्प म्हणा, तर नवीन ट्रॅकचा बेस पहिले काही सेकंद बेसूर वाटतो. तिथे क्रम बदला किंवा मधली शांतता ३-४ सेकंद करा. बाकी ठिकाणी सगळ्या शांतता सारख्या ठेवू नका. आधीच्या ट्रॅकचा ठोका मनात मोजत राहा आणि पुढचा ट्रॅक बारच्या पहिल्या मात्रेवर येईल इतकी जागा सोडा. १३० ला एक बार १.८५ सेकंदांचा, त्यामुळे एक बार किंवा दोन बार असं माप आपोआप मिळतं. जिथे धक्काच द्यायचा आहे तिथे हे मुद्दाम मोडा.

डिजिटलचा क्रम आणि तबकडीचा क्रम एकच असायला हवा असं अजिबात नाही. लेथवाला यांनी सांगितलेली भूमिती तबकडीवर पाळा, डिजिटलवर तिचं बंधन नाही. फक्त कव्हरच्या मागे ए१, ए२ असं तबकडीप्रमाणेच छापा.

आणि मागच्या बाजूला जागा करा. कलाकाराचं नाव, ट्रॅक कोणत्या वर्षी तयार झाला, मिक्स कोणी केला, मास्टर आणि कटिंग कोणी केलं, हे सगळं छापा. १९८८ साली डेट्रॉइटच्या निर्मात्यांचं एक संकलन ब्रिटनमध्ये निघालं आणि त्याच्या शीर्षकातून या संगीताला टेक्नो हे नाव पक्कं मिळालं. १२ वेगळ्या माणसांचं काम एकत्र कुठे होतं याची नोंद अशा तबकड्यांवरच सापडते, आणि बहुतेक दुकानांच्या फॉर्ममध्ये कटिंग करणाऱ्यासाठी रकानाच नसतो.

क्रम ठरला की १२ ट्रॅकची जोडणारी टोकं, म्हणजे प्रत्येकाचे शेवटचे २० आणि पुढच्याचे पहिले ३० सेकंद, एका फाइलीत लावून मास्टरिंग करणाऱ्याला मास्टरिंगच्या आधी पाठवा. नंतर पाठवलीत तर पातळ्या पुन्हा हलवाव्या लागतील.